घोडा तिरपा चालतो तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?

ऑलिंपिकमधलं ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या नेमक्या, शिकवलेल्या चालींची स्पर्धा, पहिल्यांदा पाहणारा माणूस एका ठिकाणी हमखास अडखळतो. घोडा दुडक्या चालीने मैदानाच्या कडेवरून निघतो आणि अचानक मधल्या रेषेकडे आडवा सरकायला लागतो. पुढचे पाय कात्रीसारखे एकमेकांवरून जातात, मागचेही जातात, आणि वर बसलेला स्वार तर काहीच करताना दिसत नाही. २०२४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात पॅरिस ऑलिंपिकचं ड्रेसाज झालं, तेव्हा हे दृश्य जगभर पाहिलं गेलं. मग नेहमीचे प्रश्न आले: हा घोडा नाचतोय का? त्याला दुखतंय का? आणि सरळ जाता येत असताना असं खेकड्यासारखं जाऊन मिळवायचं काय?

या चालींना घोडेस्वारीत ‘लॅटरल मूव्हमेंट्स’ म्हणतात. इथे आपण त्यांना तिरप्या चाली म्हणू. पाहणाऱ्याचं लक्ष घोडा बाजूला किती सरकला याकडे जातं. शिकवणाऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, मागचा एक पाय पोटाखाली किती येतो आणि तिथे किती भार पेलतो.

ओझं पुढे, ताकद मागे

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. लांब मान आणि जड डोकं पुढे आहे, त्यामुळे हे साहजिक आहे. म्हणजे ५०० किलोच्या घोड्याचे जवळजवळ ३०० किलो पुढच्या दोन पायांवर. त्यात स्वार बसतो तोही पाठीच्या पुढच्या अर्ध्या भागात.

पुढचे पाय भार झेलायला चांगले असतात, पण ढकलायचं आणि उचलायचं काम मागच्या पायांचं. मागच्या पायातले खुबा, गुडघा आणि टाचेचा सांधा एकत्र मिटतात आणि उघडतात, एखाद्या दाबलेल्या स्प्रिंगसारखे. घोडा हलका व्हावा, जागच्या जागी वळावा, वेगातून अलगद थांबावा असं वाटत असेल तर या स्प्रिंगेने जास्त भार घेतला पाहिजे. जड पोतं उचलताना आपण काय करतो ते आठवा. पाय ओझ्याखाली घेतला की पोतं उचललं जातं. पाय मागे राहिला की कंबर धरते.

घोड्याला मात्र ‘पाय पोटाखाली घे’ असं सांगण्याची सोय नाही. नुसतं पुढे हाकललं तर तो वेग वाढवतो आणि भार आणखी पुढे टाकतो. पण त्याचं अंग प्रवासाच्या रेषेशी थोडं कोनात ठेवून त्याला पुढेच चालवलं, तर एका बाजूच्या मागच्या पायाला शरीराच्या मध्याखाली पाऊल टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिरप्या चालींचं सगळं इंगित या एका युक्तीत आहे.

पाठ वाकते, पण वाटते तितकी नाही

घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत. दोन खांद्यांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. त्यामुळे खांदे आत-बाहेर हलवणं तुलनेने सोपं जातं. कणा मात्र वेगळी गोष्ट. मानेचे ७ मणके भरपूर वळतात, पण त्यामागचे १८ मणके बरगड्यांनी बांधलेले, त्यामागचे ६ बाजूला फारच थोडे वाकणारे आणि त्यानंतरचे ५ तर एकमेकांना जुळून एकच हाड झालेले.

‘घोडा स्वाराच्या पायाभोवती वाकलाय’ असं ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर केळ्यासारखा आकार येतो. प्रत्यक्षात धड किंचित वाकतं, बरगड्या एका बाजूला झुकतात, आणि उरलेला वाक मान दाखवते. म्हणूनच या विषयातली सगळ्यात मोठी फसगत मानेतच होते. लगाम ओढला की मान लगेच वळते, स्वाराला वाटतं घोडा वाकला, आणि मागचे पाय आपले सरळ रुळावरून चाललेले असतात.

सरळ चालणारा घोडा सरळ नसतो

माणसासारखी घोड्यालाही उजवी-डावी असते. एका बाजूला तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूला लाकडासारखा ताठ लागतो. मागचा एक पाय ढकलायला उत्सुक असतो, दुसरा बाजूला सटकून भार टाळतो. एक चाक वाकडं झालेली सामानाची ट्रॉली आठवा: तुम्ही सरळ ढकलता, ती भिंतीकडे जाते.

त्यात भूमितीची आणखी एक गंमत आहे. घोडा पुढे अरुंद आणि मागे रुंद असतो. भिंतीलगत चालताना तो बाहेरचा खांदा आणि बाहेरचा पुठ्ठा (मागचा, ढुंगणाकडचा भाग) भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेवतो, म्हणजे आतला मागचा पाय पुढच्या पायाच्या रेषेबाहेर, मैदानाच्या बाजूला पडतो. मागून पाहिलं तर घोडा कायम थोडा वाकडा. उपाय म्हणून पुठ्ठा भिंतीकडे ढकलून चालत नाही, खांदे तळहातभर आत आणावे लागतात. तिरप्या चालींचा पहिला व्यवहारी उपयोग हा आहे: घोड्याला सरळ करणं. ऐकायला उफराटं वाटतं, पण सरळपणा शिकवायचा रस्ता तिरकस आहे.

तीन शब्द आधीच स्पष्ट करून घेऊ

‘आतली बाजू’ म्हणजे घोडा ज्या बाजूला वळलेला किंवा वाकलेला आहे ती बाजू. मैदानाचं मध्य कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही. घोडा भिंतीकडे वाकला असेल तर भिंतीकडची बाजूच ‘आतली’. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथे मिटतो.

‘रेघ’ म्हणजे एका पायाच्या किंवा एकामागोमाग पडणाऱ्या दोन पायांच्या ठशांची ओळ. सरळ चालणाऱ्या घोड्याच्या दोन रेघा उमटतात. तिरप्या चालीत तीन किंवा चार.

‘हाफ-हॉल्ट’ म्हणजे थांबायला सांगणं आणि घोडा थांबायच्या आधीच पुन्हा सोडून देणं. स्वाराची पोट-पाठ क्षणभर घट्ट, बाहेरच्या लगामावर मूठ क्षणभर बंद, मग मोकळी. फार तर एका पावलाचा हा कारभार, पण तिरप्या चालीची प्रत्येक सुरुवात याने होते.

पाच चाली, एक शिडी

लेग यील्ड ही पहिली पायरी. घोडा अंगाने सरळ असतो. फक्त डोकं किंचित, जाण्याच्या दिशेच्या उलट बाजूला कललेलं. किती किंचित? खोगिरात बसून त्याच्या आतल्या डोळ्याची भुवई आणि नाकपुडी जेमतेम दिसेल इतकंच. स्वाराच्या पायाच्या दाबापासून दूर सरकत तो पुढे आणि बाजूला जातो. इथे भार मागे घेण्याची अपेक्षा नाही, फक्त ‘पाय लागला की पुढे पळायचं नाही, बाजूलाही जाता येतं’ ही समज हवी.

शोल्डर-इन ही खरी गुरुकिल्ली. मागचे पाय भिंतीलगत जवळजवळ सरळ चालतात, खांदे आत आणलेले असतात, आणि घोडा जाण्याच्या दिशेपासून तोंड वळवून असतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत कोन सुमारे ३० अंशांचा आणि रेघा तीन: आतला पुढचा पाय, बाहेरचा पुढचा आणि आतला मागचा एकाच रेघेत, बाहेरचा मागचा. सतराव्या शतकात न्यूकॅसलचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश वर्तुळावर यासारखा व्यायाम घेत असे. फ्रेंच अश्वगुरू फ्रान्स्वा रोबिशाँ द ला गेरिनिएर याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो वर्तुळावरून काढून सरळ रेषेवर आणला. आज जगभर शिकवला जातो तो त्याचाच.

ट्रॅव्हरमध्ये उलट घडतं. खांदे भिंतीलगत राहतात, पुठ्ठा सुमारे ३५ अंशांनी आत येतो, आणि घोडा जिकडे जातोय तिकडेच वाकलेला असतो. चार रेघा उमटतात. रेनव्हर म्हणजे ट्रॅव्हरचं आरशातलं प्रतिबिंब: पुठ्ठा भिंतीकडे, खांदे आत, वाक जाण्याच्या दिशेकडे.

आणि हाफ-पास म्हणजे टीव्हीवर लक्ष वेधून घेणारी ती कात्री. ती वेगळी चाल वाटते, पण ट्रॅव्हरच मैदानाच्या तिरक्या रेषेवर केला की हाफ-पास होतो. जणू तिरक्या रेषेवर एक अदृश्य भिंत उभी आहे. ड्रेसाजचं पूर्ण मैदान २० बाय ६० मीटरचं, आणि त्यातल्या जागा अक्षरांनी ओळखतात. त्यावर एफ अक्षरापासून मध्यबिंदू एक्सपर्यंत हाफ-पास केला तर २४ मीटर पुढे जाताना घोडा १० मीटर बाजूला सरकतो. पी अक्षरापासून एक्सपर्यंत केला तर तेच १० मीटर फक्त १२ मीटरांत सरकावे लागतात. आकृती तीच, कष्ट कितीतरी अधिक.

पहिला धडा जमिनीवरून

खोगिरावर बसायच्या आधी घोड्याजवळ उभं राहून सुरुवात करावी. एक हात लगामाशी, दुसऱ्या हाताच्या बोटांनी किंवा चाबकाच्या मुठीने तंगाच्या (पोटाखालून खोगीर बांधणाऱ्या पट्ट्याच्या) किंचित मागे, म्हणजे नंतर स्वाराचा पाय जिथे लागणार तिथेच, हलका दाब. मागच्या पायाने बाजूला एक पाऊल टाकलं की दाब त्याच क्षणी बंद. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. दाब उशिरा सुटला तर कोणत्या हालचालीबद्दल तो सुटला हे त्याला कळत नाही, आणि मग तो शेपटी मारणं, मागे सरकणं, पुढे उसळणं असे सगळे पर्याय आजमावतो.

दोन्ही बाजूंनी तीन-चार पावलं सहज येऊ लागली की तेच खोगिरातून. पुढचे पाय जवळजवळ जागच्या जागी, पुठ्ठा त्यांच्याभोवती पाव फेरा. या वळणाचं काम एवढंच की पायाच्या खुणेचा अर्थ घोड्याला कळावा. ते फार घोटू नये, कारण त्यात भार पुढेच जातो आणि पुढे चालण्याची इच्छा मरते.

लेग यील्ड: भिंतीकडे न्या

मैदानाच्या छोट्या बाजूवरून वळून भिंतीपासून ५ मीटर आतल्या रेषेवर या. चार-पाच पावलं निव्वळ सरळ चाला. ही सरळ पावलं गाळणारे बहुतेक जण नंतर तक्रार करतात की घोडा खांद्याने पळतो. मग भिंतीच्या विरुद्ध बाजूचा पाय, म्हणजे आतला, तंगाच्या किंचित मागे दाबा, बाहेरचा लगाम मानेलगत स्थिर ठेवा, आणि भिंतीकडे सरकू द्या. भिंतीची घोड्यांना ओढ असते, म्हणून सुरुवात तिकडे. भिंतीकडून मध्याकडे नेणं नंतर. तीन-चार तिरपी पावलं, मग सरळ, मग पुन्हा तीन-चार. सबंध लांब बाजू एका दमात तिरपी करण्याचा मोह टाळावा.

दाब कधी द्यायचा? आतला मागचा पाय जमिनीवरून सुटताना, कारण हवेतल्या पायाचीच दिशा बदलता येते. टेकलेल्या पायावर कितीही दाबलं तरी तो हलणार नाही. संथ चालीत असताना आतला मागचा पाय पुढे येतो तेव्हा घोड्याचं पोट बाहेरच्या बाजूला झुलतं आणि स्वाराचा आतला पाय आपोआप आत पडतो. त्या झुल्याबरोबर दाब द्या, पोट परत आलं की सोडा. दुडकीत उठबस करत असाल तर खोगिरात बसण्याच्या क्षणी.

संथ चालीत शिकवणं सोपं, कारण घोड्याला विचार करायला वेळ मिळतो. पण याच चालीत ऊर्जा पटकन विझते आणि तिचा चार ठोक्यांचा ताल बिघडला तर दुरुस्त करायला महिने जातात. कल्पना समजली की दुडकीत जावं.

शोल्डर-इन: वर्तुळातून चोरलेलं पाऊल

कोपऱ्यात १० मीटर व्यासाचं वर्तुळ करा. वर्तुळ पूर्ण करून भिंतीशी आलात की दुसरं वर्तुळ सुरू करतोय अशा बेताने पहिलं पाऊल टाका. खांदे भिंत सोडतील, मागचे पाय अजून भिंतीशी असतील. नेमक्या त्या क्षणी बाहेरच्या लगामावर हाफ-हॉल्ट: ‘वर्तुळ नको’. आणि आतला पाय तंगाशी: ‘याच आकारात भिंतीलगत पुढे’. पाच-सहा पावलं झाली की दुसरं वर्तुळ पूर्ण करून टाका, किंवा खांदे भिंतीशी परत आणून सरळ व्हा. पुठ्ठा आत ओढून सरळ होणं म्हणजे घोड्याला वाकडेपणाच शिकवणं.

कामाची वाटणी अशी: आतला पाय वाक धरतो आणि आतल्या मागच्या पायाला पोटाखाली बोलावतो. बाहेरचा पाय तंगामागे वीतभर, पुठ्ठा बाहेर सटकू नये म्हणून फक्त पहाऱ्याला. आतला लगाम डोळ्याची कड दिसेपर्यंत तोंड वळवतो आणि मग हलका होतो. बाहेरचा लगाम खांद्याला दिशा देतो आणि मानेला आवरतो. याची परीक्षा सोपी आहे: दोन-तीन पावलांसाठी आतला हात पुढे करून आतला लगाम सैल सोडा. घोडा त्याच आकारात चालत राहिला तर शोल्डर-इन खरा. मान सरळ होऊन सगळंच विस्कटलं तर तो हाताने धरून ठेवलेला देखावा होता.

कोन कळत नसेल तर नुकत्याच सपाट केलेल्या वाळूवरून चाला आणि मागे वळून ठसे मोजा. तीन स्वच्छ रेघा हव्यात. चार दिसल्या तर कोन जास्त आहे, दोन दिसल्या तर फक्त मान वळलीय.

ट्रॅव्हर आणि हाफ-पास

ट्रॅव्हरला तेच वर्तुळ, पण एक पाऊल आधी थांबायचं: वर्तुळावरून भिंतीशी येताना खांदे पोचले, पुठ्ठा अजून आत आहे, तो तिथेच राहू द्यायचा. आता बाहेरचा पाय काम करतो आणि आतला पाय पुढची ऊर्जा सांभाळतो. पुठ्ठा आत घेणं घोड्यांना आवडतं, कारण बरेच जण आधीपासूनच तसे वाकडे असतात. म्हणून ट्रॅव्हर झाल्यावर त्याच बाजूला शोल्डर-इनची काही पावलं घ्यावीत.

हाफ-पासची सुरुवात नेहमी शोल्डर-इनच्या एखाद्या पावलाने करावी. खांदे आधी निघतात, पुठ्ठा मागोमाग. वाक बिघडला तर तिथेच त्याच दिशेला १० मीटरचं वर्तुळ करून तो परत मिळवा आणि मग पुढे चला. पहिल्या दिवशी तीन चांगली पावलं मिळाली तर तेवढ्यावर उतरून जाण्यात शहाणपण आहे.

साधारण वेळापत्रक सांगायचं तर चार-पाच वर्षांच्या घोड्याला लेग यील्ड, पुढच्या वर्षी शोल्डर-इन, सहा-सात वर्षांच्या सुमारास हाफ-पास. घोड्यागणिक हे बदलतं. रोजच्या ४०-४५ मिनिटांच्या कामात आधी १० मिनिटं मोकळं चालणं, आणि तिरप्या चाली एकूण १० मिनिटांपेक्षा जास्त नकोत, त्याही तुकड्यातुकड्याने. पाय एकमेकांवरून जाताना खुराने दुसऱ्या पायाला लागू शकतं, म्हणून सरावात पायांना संरक्षक बूट घालावेत. खोल भुसभुशीत वाळू आणि निसरडी जमीन दोन्ही टाळाव्यात. पहिलीत स्नायुबंध ताणले जातात, दुसरीत घोडा पाय ओलांडायलाच घाबरतो.

बिघडतं कुठे?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक कोनाची हाव. घोड्याचे गुडघे, टाचेचे आणि घोट्याचे सांधे दाराच्या बिजागरीसारखे पुढे-मागे हलतात. बाजूच्या ओढीसाठी ते बनलेले नाहीत. ओलांडण्याची हालचाल खांद्यातून आणि खुब्यातून आली पाहिजे. कोन वाढवला की घोडा एकतर पावलं आखडतो किंवा आतला मागचा पाय पोटाखाली न आणता नुसता बाजूने फेकतो. मग बाजूला भरपूर सरकतो, पण भार पेलायचा राहूनच जातो. म्हणून ताल हा पंच समजावा: तिरपं व्हायच्या आधी जो ठोका होता तोच तिरपं असताना राहिला नाही, तर कोन कमी करा आणि पुढे हाका.

दुसरी चूक स्वाराच्या बसण्यातली. खांद्यावर बसलेलं मूल उजवीकडे झुकलं तर आपण नकळत उजवीकडे पाऊल टाकतो, त्याच्या खाली येण्यासाठी. घोडाही तेच करतो. हाफ-पास उजवीकडे हवा आणि स्वार डाव्या पायाने जोर लावता लावता डाव्या बाजूला लटकतो, तर तो एका पायाने ‘जा’ आणि वजनाने ‘ये’ असं सांगत असतो. वजन किंचित जाण्याच्या दिशेकडच्या बैठकीच्या हाडावर हवं. किंचित म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला न दिसण्याइतकं; कंबर मोडून झुकणं नव्हे. शोल्डर-इन इथे अपवाद वाटतो, कारण त्यात वजन आतल्या बाजूला असतं आणि घोडा त्याच्यापासून दूर जातो. म्हणून तिथे वजन फक्त वाकापुरतं, आणि पुढे नेण्याचं काम आतल्या पायाचं.

डोकं कलणं ही तिसरी खूण. समोरून पाहिलं तर एक कान वर, एक खाली. बहुतेक वेळा आतला लगाम जास्त ओढला जातोय, किंवा बाहेरचा इतका घट्ट धरलाय की मानेला जागाच नाही. कधीकधी कारण दातांत असतं. डोकं एकाच बाजूला कायम कलत असेल तर स्वाराला शिकवण्याआधी दात तपासून घ्यावेत.

लेग यील्डमध्ये खांदा पुढे पळतो आणि पुठ्ठा मागे राहतो, तेव्हा स्वार पायाने आणखी ढकलतो. उपाय उलटा आहे. बाहेरच्या लगामाने खांदा थांबवा, दोन पावलं सरळ चाला, मग पुन्हा विचारा. हाफ-पासमध्ये पुठ्ठा खांद्याच्या पुढे गेला तरी तेच: मागचं दाबायचं नाही, पुढचं आधी न्यायचं.

आणि टाच. सतत कुरतडणारी टाच घोड्याला बहिरं करते. हलकी खूण एकदा. उत्तर नाही आलं तर पायामागे चाबकाचा एक स्पष्ट, हलका टोला. उत्तर आलं की पाय शांत.

पण हे नैसर्गिक आहे का?

मोकळा घोडा बिचकला की आडवी उडी मारतो, शिंगरं खेळताना बाजूने दौडतात, नर घोडे एकमेकांसमोर मान वळवून तिरपे मिरवतात. हालचाल त्यांच्याजवळ आहे. नैसर्गिक नसतं ते पाठीवर माणूस घेऊन, दोन्ही बाजूंना सारखंच, सांगितलेल्या जागी ती करणं. तेवढं शिकवावं लागतं, आणि त्यासाठी स्नायू तयार व्हायला महिने-वर्षं लागतात. हा वेळ वाचवायला गेलं की पुढचा प्रश्न उभा राहतो.

यात क्रूरता आहे का?

असू शकते. जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, अनेक पदकं मिळवलेल्या एका महिला स्वाराने माघार घेतली. शिकवताना घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक चालवत असल्याची तिची चित्रफीत बाहेर आली होती आणि महासंघाने तिच्यावर बंदीची कारवाई केली. या खेळाविषयी संशय बाळगणाऱ्यांना दोष देता येत नाही.

तिरप्या चालीतून जबरदस्ती ओळखू येते, आणि ती ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही. कान सतत मागे चिकटलेले, शेपटी चाबकासारखी, तोंड उघडं, दात खाणं, डोळ्याचा पांढरा भाग. पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या अशा २४ लक्षणांची यादी केली आहे; त्यांतली ८ किंवा जास्त दिसली तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. काल जमणारा शोल्डर-इन आज एकाच बाजूला नाकारला गेला तर तो हट्ट समजण्याआधी नाल, खोगीर, पाठ आणि टाचेचे सांधे पाहावेत. बाजूला जाताना लंगडेपणा सरळ चालीपेक्षा लवकर उघडा पडतो.

स्पर्धा खेळायची नसेल तर?

रस्त्याने फिरताना स्वाराला फाटक उघडायचं असेल तर खोगिरातून उतरायचं नाही एवढ्यासाठीही पुठ्ठा बाजूला घेता आला पाहिजे. बिचकणाऱ्या घोड्यावर तर शोल्डर-इनसारखं औषध नाही. भीतीच्या वस्तूपासून तोंड थोडं वळवा, खांदे आत घ्या, त्या वस्तूकडच्या लगामाला धरून ओढू नका आणि ताल न मोडता पुढे चला. घोडा ती वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत निघून जातो, पळ काढत नाही. उड्यांच्या घोड्याला अवघड वळणावर खांदा आटोक्यात ठेवता येतो.

लेग यील्ड खरंच लागते का, यावर मात्र जाणकारांतच वाद आहे. भार मागे येत नाही म्हणून ती निरुपयोगी असं एक मत. थेट शोल्डर-इनने सुरुवात करावी असं त्यांचं म्हणणं. अनुभवी स्वार आणि समजूतदार घोडा असेल तर ते पटतं. पण दोघांपैकी एकजण जरी नवा असला तर वाक, कोन आणि ऊर्जा एकाच वेळी मागणं जड जातं. तिथे लेग यील्ड काही आठवड्यांपुरती घ्यावी आणि शोल्डर-इन आला की मागे टाकावी.

पुढच्या वेळी टीव्हीवर काय पाहाल?

घोडा कॅमेऱ्याकडे तोंड करून भिंतीलगत येत असेल तर पाय मोजा. तीन दिसले, म्हणजे एक मागचा पाय पुढच्याआड लपला, तर शोल्डर-इन. चारही दिसले तर ट्रॅव्हर किंवा रेनव्हर. हाफ-पासमध्ये पोटाखालच्या कात्रीकडे आपोआप लक्ष जाईल. ते आवरून दोन्ही कानांकडे पाहा, ते एका पातळीत हवेत. मग शेपटीच्या बुंध्याकडे: ती सैल, तालावर झुलणारी हवी. आणि सगळ्यात शेवटी हाफ-पास संपतो तो क्षण, जिथे घोडा दोन-तीन पावलं सरळ चालून दुसऱ्या दिशेला वळतो. त्या सरळ पावलांत त्याचा वेग वाढला, तर तिरपं जाताना भार मागच्या पायावर नव्हता, लगामावर होता.